पिल्लं निघाली हो!

कुंडीत सापडलेली, डब्यात ठेवलेली गोगलगायीची अंडी फुटली. आधी बरेच दिवस पिल्लं मातीखालीच, स्वतःच्याच अंड्यांची टरफलं खात बसलेली. आज सकाळी डब्याच्या भिंतीवर चढलेली दिसली. साबुदाण्याएवढी, आणि शंख इतका पातळ की आतलं सगळं दिसतं. चिमटीत धरायची नाहीत, कड मोडते. ओलं पान पुढे करायचं, आपसूक चढतात.

खंडेराव मार्केटातून काकडी आणली, चकती ठेवली. थोडी कुरतडली, पण खरी झुंबड अंड्याच्या कवचाच्या भुकटीवर! शंखाला कॅल्शियम लागतं ना. (आम्ही शाकाहारी, त्यामुळे कवचांसाठी शेजारच्या काकूंना मस्का.) माती ओलसर हवी, चिखल नको. मीठ तर आसपासही नको.

आई म्हणते, "मोठी झाली की बागेत सोडून दे." मुळीच नाही! ही आफ्रिकन जात. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आता देशात ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप. म्हणून थोडीच ठेवली, उरलेली अंडी तेव्हाच फ्रीझरमध्ये टाकली होती. आणि हात लावला की साबणाने धुवायचे, हे भाच्याला दहादा सांगून झालंय. ऐकेल तर शपथ.