ओसरीवरून पडलेला बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव कर असते. घराघरात मटण शिजत असतं आणि जनावरांच्या डॉक्टरचा फोन सकाळी सहापासून वाजत असतो. आदल्या दिवशी तोरण तुटलं की मालक बैलजोडी घरोघर फिरवतो. प्रत्येक घरी पाय धुणं, ओवाळणं आणि पुरणपोळी. दहा घरं झाली की पोटात दहा-पंधरा पोळ्या. वर्षभर कुटार-कडबा खाल्लेल्या पोटात एवढा गूळ आणि एवढी कणीक एकदम गेली की आतलं सगळं आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि बैल मान टाकून बसतो. दरवर्षी सांगतो, एक पोळी मायेनं चारा, बाकीच्या घरी नुसतं ओवाळा. लोक हो म्हणतात आणि चारतात. या दिवशी दोन बैल माझ्या डोळ्यांदेखत गेलेले आहेत, म्हणून करीला मी फोन बंद ठेवत नाही. ठेवणारे आहेत. त्यांच्या गावचे फोनही मग मलाच येतात.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात माझ्याकडे जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, आणि शेजारचं पद रिकामं असल्यामुळे तिथला कारभारही माझ्याकडेच. 2024 चा पोळा सोमवारी, 2 सप्टेंबरला होता. मंगळवारी सकाळी दोन बैलांना खायचा सोडा कालवून पाजून झाला होता. तेवढ्यात तिसरा फोन आला. आवाज लहान मुलाचा.

"डाक्टरसाहेब बोलून राह्यले का? आमचा बैल उठून नाही राह्यला."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. ओसरीवरून पडला."

"काय खाल्लं होतं?"

"पुरणाच्या चार पोया चारल्या. खाल्ल्या नाही."

"शेण टाकलं?"

"नाही टाकलं. रवंथ पण नाही. आंगात ताप नाही, हात लावून पायला. डावी भकाळी फुगली नाही. मांगचा डावा पाय मोडला."

हे उत्तर या धंद्याबाहेरच्या माणसाला साधं वाटेल. मी सोळा वर्षं हे प्रश्न विचारतो आहे. "कधीपासून?" विचारलं की "आत्ताच तर झालं जी" म्हणतात आणि जनावर तीन दिवस उपाशी असतं. "काय चारलं?" विचारलं की "काही नाही, रोजचंच" म्हणतात आणि पोटातून युरियाची पिशवी निघते. जनावराला बोलता येत नाही, मालक खरं सांगत नाही, मधे आम्ही. आणि इथे एक पोरगं न विचारता भकाळीचं सांगत होतं! डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, हात ठेवून पोट फुगलं की नाही ते पाहायचं असतं, हे तालुक्यात किती मालकांना ठाऊक असेल?

ओसरीवरून बैल पडला, हे मला खटकायला हवं होतं. पण काही घरांत ओसरीला लागूनच गोठा असतो, तसं काही असेल असं धरलं. पाय मोडलेला, वर बसून राहिलेला, म्हणजे प्रकरण गंभीर. बांबूच्या कामट्या, कापूस, पट्ट्या, प्लास्टर, सलाईन, पोट फुगलंच तर टोचायची नळी, सगळं डिकीत भरलं आणि 17 किलोमीटर गेलो. शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीचे. चाकाला चिखल बसला की गाडी थांबवायची, काडीनं खरवडायचा, पुढे जायचं. असं पाच वेळा.

घरापुढे सात-आठ वर्षांचा मुलगा उभा होता. मला पाहून पळत आला नाही. आत गेला, पाण्याची बादली आणि साबणाची वडी आणून ठेवली. मी तपासायच्या आधी हात धुतो. हेही त्याला ठाऊक होतं.

"कुठे आहे बैल?"

त्यानं ओसरीकडे बोट केलं. पोत्यावर, खाली कुटार पसरून, कुशीवर निजवलेला हातभर उंचीचा लाकडी नंदी होता. शिंगांना लाल गोंडे, पाठीवर जुन्या साडीच्या काठाची झूल. मागचा डावा पाय खुब्यापाशी मोडून चाकाच्या फळीवर तसाच उभा राहिलेला. तोंडाशी ताटलीत चार पोळ्या, त्यांना मुंग्या.

त्या दिवशी तान्हा पोळा होता. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी तो सुरू केला असं आमच्याकडे सांगतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर पाहायला लांबून माणसं येतात. संध्याकाळी पोरगा बैल घेऊन तोरणाखाली उभा राहायचा होता, आणि बैल हा असा पडलेला.

आजोबा आतून धावत आले. "साहेब, पोट्ट्यानं तुमाले बलावलं? माफी करा जी. म्या म्हनलं खिया ठोकून देतो, तं ठोकूच देत नाही. म्हने, त्याले दुखते."

रागवायचं माझ्या मनातही आलं नाही. मला आतून हसू फुटलं आणि ते आवरायला मी बादलीत हात धुवायला बसलो. मग ओसरीवर बसलो आणि नंदी तपासला. खरंच तपासला. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, कानाच्या मुळाशी हात लावला, डाव्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटं थांबलो. त्या दोन मिनिटांत चांगल्या पोटाची दोन-तीन आवर्तनं हाताला लागतात. पोरगं श्वास रोखून बघत होतं.

"पोट बरं आहे," मी म्हणालो.

"म्या सांगतलं होतं नं."

मग कळलं. जानेवारीत याच घरच्या गवळाऊ बैलानं हिरवा हरभरा खाल्ला होता आणि पोट ढोलासारखं फुगलं होतं. रात्री अकरा वाजता मी आलो होतो. बैल वाचला. त्या रात्री गोठ्याच्या दारात कोण उभं होतं ते मी पाहिलं नव्हतं. माझे प्रश्न, माझा हात कुठे गेला, मी बादली कधी मागितली, हे सगळं त्यानं त्या रात्री नजरेत भरून ठेवलं होतं. नंबर आजोबांनी कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहिला होता, तो तसाच होता.

पायाचं काम मी मन लावून केलं. सुताराचा डिंक घरात होता. खुबा जुळवला, दाबून धरला, भोवती कापूस, त्यावर दोन्ही बाजूंनी कामट्या, वर पट्टी. वासराचा पाय बांधताना पट्टी खालून वर घ्यायची असते, वरून सुरुवात केली तर खुराकडे सूज उतरते. तीही मी खालूनच वर घेतली. लाकडाला सूज येत नाही, पण तो मुलगा बघत होता आणि त्याला चुकीचं दाखवायचं नव्हतं.

तोवर गल्ली जमली. एकानं आपला बैल पुढे केला. अंगभर कुंकवाचे ठिपके.

"याले लंपी झाला."

मी क्षणभर गप्प झालो. लंपी म्हणजे गुरांच्या अंगभर गाठी उठवणारा साथीचा रोग. 2022 मध्ये ते फोड आम्ही खऱ्या कातडीवर पाहिले. 2023 ला त्याच रोगापायी कितीतरी गावांत पोळा भरलाच नाही, बैल गोठ्यातच पुजले. त्या ठिपक्यांवरून मी हात फिरवला तर कुंकू बोटांना लागलं. ते पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी बिनसुईची सिरिंज काढली, मानेजवळ, जिथे कातडी चिमटीत धरून लस देतात तिथे टेकवली, "एक मिली" म्हणालो. रांग लागली. चौदा बैल झाले.

शेवटी एक मुलगी आली. "याच्या कानात बिल्ला नाही."

त्याच वर्षी 1 जूनपासून कानातल्या ओळख क्रमांकाच्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम आला होता, आणि तो गल्लीतल्या पोरांपर्यंतही पोचला होता. खरा बिल्ला नोंदीशिवाय देता येत नाही. मिठाईच्या पिवळ्या डब्याचा पुठ्ठा कापला, आकडे लिहिले, दोरा ओवून दिला. तिनं बोट ठेवून मोजले आणि परत केला.

"अकराच हाय. बारा असतात."

बाराच असतात. मी बारावा लिहून दिला.

दुपारी वरून फोन आला, आज किती बिल्ले मारले. मी खरा आकडा सांगितला: शून्य. बोलणी बसली. आकड्यांपलीकडे आमच्या खात्यात कोणी काही विचारत नाही, आणि ओसरीवरचं ते सगळं भरायला अ‍ॅपमध्ये रकाना नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

संध्याकाळी मी परतलो नाही, थांबलो. तोरणाखाली नंद्यांची रांग, कोणी गोंडे नीट करतंय, कोणी चाकाला तेल घालतंय. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" झालं आणि तोरण तुटलं. पट्टी बांधलेला बैल पोरानं ओढला नाही. फळी छातीशी धरून दोन्ही हातांत उचलून नेला. परीक्षकांनी विचारलं, चालवत का नाहीस? तो म्हणाला, "डाक्टरनं एकवीस दिवस सांगतले."

हो, मी सांगितले होते. हाताला जी सवय तीच तोंडाला, वासराच्या मालकाला सांगतो तेच सांगून गेलो. आणि वासराचे मालक काय करतात? आठव्या दिवशी वासरू दूध प्यायला उड्या मारतंय म्हणून विळीनं प्लास्टर कापतात, पंधराव्या दिवशी वाकडा पाय घेऊन माझ्याकडे येतात. किती पाय मी असे वाया गेलेले पाहिले.

24 सप्टेंबरला सकाळी सात वाजता फोन वाजला.

"डाक्टरसाहेब, आज एकवीस झाले. म्या पट्टी सोडली नाही, पान्यात पण भिजू देल्ली नाही. तुमी येता नं?"

मी पट्टी कापायची कात्री खिशात टाकली आणि गाडी काढली.