आमची वाटचाल: पिशवीतल्या बिलांपासून ३१ मार्चच्या एंट्र्यांपर्यंत

आधीच सांगते, आम्ही सीए नाही. आम्ही हिशोब लिहिणारे, म्हणजे सीएकडे फाइल जायच्या आधीचं जे किचकट काम असतं ना, ते आमचं. ठाण्यात नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छोटंसं ऑफिस, चार टेबलं, आणि एक एसी जो फक्त माझ्याच डोक्यावर वारा सोडतो असं आमच्या पोरींचं म्हणणं आहे.

२०११ ला सुरू केलं तेव्हा घरातल्या गॅलरीत एक टेबल होतं, बस. त्याआधी आठ वर्षं वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे, टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, तिथेच शिकले, आणि तिथेच लक्षात आलं की आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये दहा-बारा माणसांवर धंदा करणारे जे लोक आहेत त्यांना फुल टाइम अकाउंटंट परवडत नाही आणि सीए म्हणतात आधी नीट लिहून आणा, मग बघू. त्या मधल्या जागेत आपण शिरायचं असं ठरवलं, नवरा म्हणाला कर, पण गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा ठेव.

पहिलं गिऱ्हाईक जांभळी नाक्याजवळचे भांड्यांचे दुकानदार. साडीच्या दुकानाच्या पिशवीत वर्षभराची बिलं कोंबून आणलेली, त्यात एक लग्नपत्रिका आणि घरचं लाइट बिल पण. म्हटलं काका, हे घरचं बिल दुकानाच्या खर्चात नाही जात, गल्ल्यातून भरलंय ना, मग ती तुमची उचल, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे. त्यांना ते अजिबात पटलं नाही, दुकान माझं घर माझं मग वेगळं कसलं म्हणाले. हा वाद मी आजही आठवड्यातून एकदा तरी घालते.

बिलं टाइप करणं काय, शिकवलं की कोणीही करतं. आमच्या कामाचा कस लागतो तो वर्षाअखेरच्या ॲडजस्टमेंटला. आता साधं उदाहरण, दुकानाचा विमा १ जानेवारीला भरला २४,००० रुपये, वर्षभराचा. एंट्री पडली खर्चाला २४,०००. पण ३१ मार्चपर्यंत वापरले किती, तीन महिने, म्हणजे ६,०००. उरलेले १८,००० पुढच्या वर्षाचे, ते आगाऊ खर्च म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवायचे. उलट मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला तरी तो मार्चचाच खर्च, म्हणून ३१ मार्चला देणे बाकी दाखवायचा. गाळ्याचं डिपॉझिट भाड्यात टाकायचं नाही, कारण ते परत येणारे. लोनच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात, मुद्दल गेली की कर्ज कमी होतं, खर्च वाढत नाही. आमच्याकडे नवीन येणाऱ्या दहातल्या सात जणांच्या वह्यांत अख्खा हप्ता खर्चाला टाकलेला सापडतो.

एक पत्र्याचं काम करणारे काका होते, २०१५ ची गोष्ट, लॅपटॉप माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "ताई, ह्याच्यात सात लाख नफा दिसतोय आणि बँकेत चाळीस हजार आहेत, बाकीचे तुमच्या कॉम्प्युटरने खाल्ले का?" वर्षाच्या सुरवातीला बँकेत जवळजवळ काहीच नव्हतं आणि घसारा, म्हणजे मशीन झिजल्याचा खर्च, अजून लावलेला नव्हता. मी कागद घेतला. गिऱ्हाइकांकडची उधारी वर्षात वाढली २,६०,०००. पत्र्याचा स्टॉक वाढला १,८०,०००. मशीनच्या कर्जाची मुद्दल फेडली १,५०,०००. मुलीच्या ॲडमिशनला उचलले ७०,०००. झाले ६,६०,०००, त्यात बँकेतले ४०,०००, सात लाख. काका बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे पैसे आहेत, फक्त माझ्याकडे नाहीत." त्या दिवशी तिथूनच त्यांनी तीन जणांना उधारीसाठी फोन लावले, एकाला तर जाम झापलं.

आता आमची चूक पण सांगते, नाहीतर सगळं गोडगोड वाटेल. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका प्रिंटिंगवाल्यांच्या वहीत मार्चचा पगार, १,८६,०००, देणे बाकी म्हणून बरोबर टाकला. पण एप्रिलच्या सात तारखेला पगार दिला तेव्हा एंट्री देणे बाकीला नावे टाकायच्या, म्हणजे ते देणं फिटल्याचं दाखवायच्या ऐवजी परत पगार खर्चालाच टाकली. त्या वर्षाच्या शेवटी पुढच्या मार्चच्या पगाराची तरतूदही, म्हणजे तशीच देणे बाकीची एंट्री, झालीच, त्यामुळे त्या वर्षात पगार आला तेरा महिन्यांचा आणि देणं मात्र जुनं तसंच लटकलेलं. टॅलीला काय, दोन्ही बाजू जुळतात, ते कशाला बोंबलेल. पकडलं कोणी तर खुद्द शेठनी, म्हणाले आधीच कामं नाहीत, आणि त्यात तुम्ही माझ्या दुष्काळात तेरावा महिना आणलात. सुदैवाने रिटर्न भरायचं बाकी होतं. तेव्हापासून एप्रिल उजाडला की आधीच्या मार्चच्या सगळ्या तरतुदींची प्रिंट काढून भिंतीला लावतो आणि एकेक पैसे गेले की खोडतो. जुनाट पद्धत आहे, पण चालते.

तसंच ते नऊचं. बँक रिकन्सिलिएशनला, म्हणजे आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, फरक आला आणि तो नऊने भागला गेला की पहिला संशय आकडे उलटे पडल्याचा. ७,२०० च्या जागी २,७०० टाइप झालं की फरक ४,५००. नवीन पोरींना हे सांगितलं की त्यांना जादूच वाटते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्ही आठवडाभर धड झोपलो नाही, सगळ्यांना ३० जूनचा स्टॉक मोजायचा होता आणि कोणाचाच मोजलेला नव्हता. पण धंदा वाढला तो त्याच्यामुळेच, खोटं कशाला बोलू. आता तर २०२३-२४ पासून छोट्या उद्योगाकडून माल घेतला आणि करारात ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांच्या आत, तर ३१ मार्चला थकलेली ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, देतील त्या वर्षी मिळते. त्यामुळे ज्यांना पैसे द्यायचे त्यांची नुसती यादी पुरत नाही, कोण उद्यम रजिस्टर्ड, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंदलेला आहे, कोण व्यापारी आहे हे पण लिहून ठेवावं लागतं, कारण नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

आज आम्ही पाच जणी, गिऱ्हाइकं साठच्या आसपास. पिशव्या कमी झाल्या, आता व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो येतात, निम्मे तिरपे, एकात तर कोणाचा तरी अंगठा आणि तारीख नेमकी त्याच्याखाली. प्रिंटिंगवाले शेठ अजून आमच्याकडेच आहेत. दरवर्षी एप्रिलच्या आठ तारखेला त्यांचा फोन येतो, नमस्कार वगैरे काही नाही, सरळ विचारतात, "ताई, यंदा महिने बाराच ना?"