ॲमेझॉनच्या बोटीवर सहकुटुंब: आधी हॅमॉक, मग बाकीचं

ब्राझीलमधल्या मनाउसहून ॲमेझॉन नदीतून बेलेमला जाणारी बोट म्हणजे क्रूझ नव्हे. स्वभावाने ती आपली लाल एसटीच. खाली माल, गोण्या, फ्रीज, मोटारसायकली. वरच्या डेकवर माणसं, आणि ज्याने त्याने आपला हॅमॉक, म्हणजे दोन्ही टोकांनी टांगून आत झोपायची झोळी, आणून टांगायचा. अंतर सुमारे 1,600 किलोमीटर. प्रवाहाबरोबर साधारण चार दिवस, उलट दिशेने पाच किंवा जास्तच. मुलं लहान असतील तर पूर्ण पल्ल्याचा हट्ट धरू नका, मधल्या सांतारेमला उतरा. तेवढा प्रवास दीडेक दिवसाचा आहे आणि मुलं कंटाळायच्या आत संपतो.

हॅमॉक मनाउसच्या बंदराजवळच्या दुकानांत मिळतो. जाळीचा घेऊ नका, जाड सुती कापडाचा घ्या. जाळीत मुलांची बोटं, बटणं अडकतात आणि रात्रीचा वारा थेट पाठीला लागतो. हो, रात्री गारठतं, माणशी एक चादर हवीच. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर दोरी लागते, ती बहुधा वेगळी घ्यावी लागते.

बोटीवर सुटायच्या तीन-चार तास आधी चढा, कारण जागेला नंबर नसतो. मागची बाजू टाळा: तिथे संडास आणि इंजिनाचा आवाज. रात्रभर चालू राहणाऱ्या दिव्याखाली नको आणि कठड्यालगतही नको, कारण पाऊस आला की बाजूच्या ताडपत्र्या सोडेपर्यंत तिथला माणूस भिजलेला असतो. मुलांचे हॅमॉक दोन मोठ्यांच्या मध्ये आणि खाली बांधा. दोरी ताणून बांधली की अंग कडेला घरंगळतं, म्हणून चांगला झोळ ठेवा आणि त्यात तिरकं झोपा. पाठदुखीची तक्रार बहुतेक वेळा सरळ झोपणाऱ्यांचीच असते. गाठ मारल्यावर आधी हळूच बसून बघा, मगच पाय वर घ्या. बोट सुटेपर्यंत तुमच्या शेजारच्या वीतभर फटीत आणखी एकजण हॅमॉक टांगणार हे गृहीत धरा. त्यावरून वाद घालायची तिथे पद्धत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर एक केबिन घ्याच. सामान कुलपात राहतं ते वेगळंच.

जंगल बघायचं असेल तर मात्र दिशा महत्त्वाची. प्रवाहाबरोबर जाणारी बोट मधल्या जोरदार धारेतून जाते, आणि रुंद पात्रात किनारा म्हणजे नुसती हिरवी रेघ दिसते. उलट जाणारी बोट प्रवाह टाळायला काठाकाठाने चालते. मग झाडं, घरं, होड्या सगळं जवळून दिसतं. मनाउसहून निघणाऱ्यांना भरपाई लगेच मिळते: शहर मागे पडताच काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस या दोन नद्या भेटतात आणि सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारी-शेजारी वाहतात. दोन्ही पाण्यांचं तापमान, वेग आणि घनता वेगळी, म्हणून हा प्रकार.

जेवण म्हणजे भात, घेवड्याच्या बियांची उसळ, स्पॅगेटी आणि चिकन किंवा मांस. शाकाहारी घरांनी उसळीवर भरवसा ठेवू नये, तिच्यात अनेकदा मांसाचे तुकडे असतात. आधी विचारा. ताटावर भुरभुरायला कसाव्याचं भरड पीठ असतं (आपला साबुदाणा त्याच कंदाचा), ते बिनधास्त खा. केळी, पाव आणि सुकामेवा मनाउसच्या बाजारातूनच भरून घ्या. अंघोळीचं पाणी बहुतेक बोटींवर नदीचंच, त्यामुळे चूळसुद्धा बाटलीतल्या पाण्याने भरा. ओआरएसची पाकिटं हाताशी ठेवा.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र भारतातलं: पीतज्वराची (यलो फीव्हर) लस, निघायच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती सहसा देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र चेक-इन बॅगेत टाकू नका. ब्राझीलहून परतताना ते मुंबई विमानतळावर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.