नर्सरीत जायच्या आधी व्हिनेगर काढा

पुण्यात अनंताचं झाड पिवळं पडतंय ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. परवा आत्यानेच फोटो पाठवला, "अगं शेणखत घातलं, पाणी वेळेवर देते, तरी पानं अशी का गं?" फोटोत नवीन पानं पिवळीधमक आणि शिरा मात्र हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. खरं तर आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, बेसॉल्ट झिजूनच ती झालीय, पण तिच्यात चुनखडीही असते, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा) ८ च्या आसपास जातो आणि मग ते लोह मुळांना उचलताच येत नाही. तोच अनंत रत्नागिरीत जांभ्याच्या लाल मातीत छान फुलतो, कारण तिथे ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, चुना केव्हाच धुवून गेलेला, माती आम्लधर्मी. पुण्यात पाऊस साधारण ७०० मिमी, त्यामुळे चुना मातीतच राहतो.

हे घरी तपासता येतं. चमचाभर वाळलेली माती घ्या, वर पांढरं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना आहे. आत्याच्या मातीने तर फेसच काढला, आणि नवीन बंगला असल्यामुळे बांधकामाचा राडारोडा पण त्यातच पुरलेला, म्हणजे सिमेंटचा चुना वेगळा. अशा जागी नुसतं फेरस सल्फेट (लोहाचं साधं खत) टाकून फार फायदा होत नाही, तेही मातीत अडकतं, द्यायचंच तर ईडीडीएचए वालं चिलेटेड लोह द्या, म्हणजे चुनखडीच्या मातीतही न अडकता मुळांना मिळेल असं बांधलेलं लोह. माझं मत विचाराल तर अनंत कुंडीतच लावा आणि जमिनीत सीताफळ, शेवगा, डाळिंब असं काहीतरी लावा, ही झाडं चुना बऱ्यापैकी सहन करतात.

दुसरी गोष्ट निचरा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा, आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथे सोनचाफा लावू नका प्लीज, मुळं कुजतात. काळ्या मातीत लोक खोल खड्डा करून त्यात भारीपैकी खतमाती भरतात, पण चारही बाजूंना चिकणमाती असली की पावसात आजूबाजूचं पाणी त्यातच येऊन साठतं. त्यापेक्षा जमिनीवर उंचवटा करून लावलेलं बरं. आणि माती मोकळी करायला वाळूपेक्षा कंपोस्ट, दरवर्षी, न कंटाळता.

ऊन मात्र एकदाच बघून चालत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर, जरा उत्तरेलाच असतो आणि डिसेंबरात दक्षिणेला खाली उतरतो, त्यामुळे घराच्या उत्तरेची जी जागा मे महिन्यात भाजून निघते तिथेच थंडीत दिवसभर सावली पडते. गुलाबाला थंडीतच बहर, म्हणून त्याची जागा मी डिसेंबरचं ऊन बघूनच ठरवते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेली राहते, तिथे बोगनवेल खुशाल चढवा.

सामूचा नक्की आकडा हवा असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण लॅबमध्ये अर्धा किलो नमुना द्या, फक्त तो बागेत चार-पाच ठिकाणची माती वीतभर खोलीपर्यंत काढून, एकत्र करून, सावलीत वाळवलेला असू द्या, आणि नुकतं खत टाकलंय तिथली माती नको.