आंगियारी: पुढच्या पायांचा गुंता अखेर सुटला

लिओनार्दोच्या 'आंगियारीची लढाई' या चित्राची प्रत मी काढत आहे. मागच्या नोंदीत ज्या जागेपाशी काम अडले होते, ती मधल्या दोन घोड्यांच्या एकमेकांत अडकलेल्या पुढच्या पायांची जागा या आठवड्यात अखेर सुटली. लिओनार्दोने १५०३ मध्ये हाती घेतलेले आणि १५०६ मध्ये अर्धवट सोडलेले हे भित्तिचित्र (खरे तर ते ओल्या गिलाव्यावरचे फ्रेस्को नव्हतेच) फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या जन्माआधीच झाकले गेले होते. मी ज्यावरून काम करतो ते त्याचे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील रेखाचित्र मुळात एका अनाम इटालियन हाताचे असून रूबेन्सने त्यावर पुन्हा काम केले आहे, आणि नेमके छातीखाली, जिथे वॉश (शाईचा पातळ थर) गडद होतो, तिथे कोणता पाय कोणत्या घोड्याचा हे छापील प्रतीवरून ठरवणे अशक्य होऊन बसते.

याच चित्रावरून झाक्कियाने केलेले १५५८ चे एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र) स्नायूंच्या बाबतीत मला कोरडे वाटते, मात्र त्यातील बाह्यरेषा स्वच्छ आहेत. ते शेजारी ठेवून प्रत्येक घोडा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढला. सुरुवात खांद्यापासून केली आणि दुसरा घोडा आड येतो तिथे न थांबता गुडघा, घोटा, खूर असा प्रत्येक पाय पूर्ण उतरवला. दोन्ही कागद लाइट बॉक्सवर एकावर एक ठेवताच कोण पुढे आणि कोण मागे हे लख्ख दिसले, आणि खाली जमिनीवर पडलेल्याच्या गळ्यावर खंजीर उगारणाऱ्या सैनिकाच्या हातालाही हक्काची जागा मिळाली. डावीकडच्या स्वाराच्या चिलखतावरील मेंढ्याच्या शिंगाच्या वळणावर पांढऱ्या रंगाचा पहिला ठिपका बसला, तेव्हा झालेला आनंद इथे नोंदवलाच पाहिजे.

दुकानात मिळालेल्या तयार रंगीत कागदावर शाई फुटते, म्हणून चांगले सायझिंग (शाई फुटू नये म्हणून दिलेला लेप) असलेला हातकागद घेऊन त्याला मीच पातळ तपकिरी वॉश देतो. आयाळीच्या दाट रेषांसाठी बोरूइतके लवचीक साधन मला दुसरे सापडलेले नाही.

यानंतर इंग्लंडच्या होल्कम हॉलमधील, सांगालोने केलेल्या १५४२ च्या प्रतीवरून मायकेलअँजेलोचे 'काशिना' हे लढाईचे चित्र घ्यायचे ठरले होते. परंतु हे लिहिता लिहिताच वाटू लागले आहे की, ओरडणाऱ्या योद्ध्यांचे चेहरे रूबेन्सवरून घेण्याऐवजी बुडापेस्टमधील लिओनार्दोच्या स्वतःच्या मस्तक-अभ्यासांवरून घ्यावेत. त्यामुळे 'काशिना' लांबणीवर टाकून आधी लाल खडूतील ते मस्तक स्वतंत्र कागदावर, मोठ्या आकारात करून पाहणार आहे.