मेटी घरच्या लॅपटॉपवर चालू झालं! गडांच्या यादीचं मॅपिंग कुठवर आलंय

मंडळी, दोन वीकेंड खर्ची पडले पण मेटी आता माझ्याच लॅपटॉपवर चालतंय आणि गडांच्या यादीतून पहिले धड ट्रिपल्स (वस्तू, गुणधर्म, किंमत अशी तीन भागांची छोटी विधानं) बाहेर आलेत, त्यामुळे आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवतेय.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी, मेटी हा ब्राउझरमध्ये उघडणारा एडिटर आहे, बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीतल्या आरएमएलवाल्या टीमने केलेला, ओपन सोर्स. आरएमएल म्हणजे डेटाचे ट्रिपल्स कसे करायचे ते सांगणारी नियमांची भाषा. आपला सीएसव्ही किंवा जेसन डेटा, त्यावरचे यार्मल नियम आणि त्यातून निघालेलं टर्टल (ट्रिपल्स लिहायची एक पद्धत), तिन्ही एकाच पानावर दिसतं. यार्मल म्हणजे आरएमएलचंच माणसाला हाताने लिहिता येईल असं रूप, यामल या साध्या, इंडेंटवर चालणाऱ्या फॉरमॅटच्या धाटणीचं. मूळ आरटूआरएमएल २०१२ साली डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्ड झालं पण ते फक्त रिलेशनल डेटाबेसपुरतं होतं, आरएमएलने तीच कल्पना सीएसव्ही, जेसन, एक्सएमएलपर्यंत नेली, आणि आपल्यासारख्या घरगुती डेटावाल्यांना तेच तर हवं असतं.

माझ्याकडे दोन फाइली आहेत. एकीत गड: क्रमांक, नाव, जिल्हा, उंची. दुसरीत भेटी: तारीख, गडाचं नाव, सोबत कोण होतं. ही भेटींची फाइल आमच्या ट्रेकच्या ग्रुपची, कित्येक वर्षं ज्याला जमेल तो त्यात भरत आलाय.

नेटवरचं तयार मेटी सोडून घरी का बसवलं, तर याच सोबतच्या नावांमुळे. यार्मलचं आरएमएलमध्ये रूपांतर आपल्याच ब्राउझरमध्ये होतं, पण ते नियम डेटावर चालवून ट्रिपल्स काढायचं काम मागे एका सर्व्हरवर बसलेला मॅपर करतो, म्हणजे डेटा तिकडे जातो. गडांची यादी कुठेही जाऊ दे, माझ्या मित्रमैत्रिणी कोणत्या तारखेला घराबाहेर होत्या हे मला बाहेर पाठवायचं नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी बसवाव्या लागल्या, एक मेटीचं पान आणि दुसरं आरएमएलमॅपरची सर्व्हिस, आणि मेटीला कॉन्फिगमध्ये सांगायचं की बाई तुझा मॅपर आता या पत्त्यावर आहे. इन्स्टॉल सरळ झालं, नोड आणि जावा दोन्ही आधीपासून होतेच. अडलं कुठे तर पान एका पोर्टवर आणि सर्व्हिस दुसऱ्या पोर्टवर, आणि ब्राउझरच्या लेखी पोर्ट बदलला की ते परकं घर, त्यामुळे बटण दाबलं की काहीच होत नव्हतं आणि कन्सोल उघडून बघितल्यावर लाल अक्षरात सीओआरएसची, म्हणजे परक्या पत्त्याशी बोलायला परवानगी नसल्याची, तक्रार दिसली. सर्व्हिसमध्ये परवानगीचा हेडर घालूनही जमतं, मी मात्र दोन्ही एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे एकाच पत्त्यावर आणले, परत त्या भानगडीत पडायला नको.

आता खरी मजा. पहिला नियम मी असा लिहिला की प्रत्येक गडाचा आयआरआय (त्याची ओळख ठरवणारा वेबसारखा पत्ता) त्याच्या नावावरून, म्हणजे गड:$(नाव). कॉलमची नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात हे बघून फार आनंद झाला. आउटपुट खाली सरकवत गेले आणि भैरवगडापाशी थांबले. एकच भैरवगड, त्याला तीन उंच्या आणि तीन जिल्हे, ठाणे, अहिल्यानगर, सातारा, स्वल्पविराम देऊन एका ओळीत. मोरोशीचा, शिरपुंज्याचा आणि हेळवाकचा, सह्याद्रीतले तीन वेगळे डोंगर माझ्या एका नियमाने एक करून टाकले होते. सीएसव्हीमध्ये त्या तीन वेगळ्या ओळी असतात म्हणून डोळ्याला खटकत नाही, लिंक्ड डेटामध्ये, म्हणजे अशा एकमेकांना जोडलेल्या ट्रिपल्समध्ये, मात्र आयआरआय एक म्हणजे वस्तू एक. लगेच नियम गड:$(क्रमांक) केला, नाव फक्त लेबलमध्ये, पुढे मराठीची लँग्वेज टॅग लावून, आणि नावाच्या कॉलममध्येच भैरवगड मोरोशी, भैरवगड शिरपुंजे असं वेगळं केलं. डेटा आणि आउटपुट शेजारी शेजारी असण्याचा उपयोग मला त्या क्षणी कळला, कमांड लाइनवर हजार ओळींच्या फाइलमध्ये हे मला कधी दिसलं असतं देव जाणे.

उंचीचं लवकर उरकलं. काही ओळींत साल्हेर १५६७, तोरणा १४०३ असे आकडे देवनागरीत होते, मी डेटाटाइप इंटिजर दिला, आउटपुट निमूट आलं, पण स्पार्कलमध्ये (ट्रिपल्सना प्रश्न विचारायची भाषा) १४०० मीटरच्या वरचे गड मागितले तर हे दोघंही गायब. इंटिजरला इंग्रजी आकडेच लागतात. आकडे बदलले, आले.

मग भेटी गडांना जोडायच्या होत्या. यार्मलमध्ये जॉइन लिहिताना इक्वल फंक्शन देतात, एका बाजूला भेटींमधलं $(गड) आणि दुसऱ्या बाजूला गडांमधलं $(नाव), दोन्ही जुळले की लिंक तयार. राजगड जुळला, लोहगड जुळला, हरिश्चंद्रगडाच्या सहा भेटींपैकी जुळल्या फक्त दोन! स्पेलिंग बघितलं, तेच. मागेपुढे स्पेस आहे का बघितलं, नाही. नियमात इंडेंट चुकलाय का म्हणून तो अख्खा परत लिहिला. शेवटी दोन्ही नावं ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकून लांबी मोजली, एकाची १२, दुसऱ्याची १३. 'श्' आणि 'च' यांच्या मधे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर बसला होता. कुणाच्या तरी कीबोर्डने अर्धा श नीट दिसावा म्हणून तो घातलेला, आणि डोळ्याला हरिश्‍चंद्रगड काय नि हरिश्चंद्रगड काय, काही फरक नाही, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. ज्यांच्या ज्यांच्या डेटात मराठी नावं आहेत त्यांनी जॉइन लिहायच्या आधी हे नक्की तपासा, फार वेळ खातं.

तो जॉइनर सरसकट उडवायला माझं मन तयार झालं नाही, कारण जोडाक्षर कसं दिसावं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि लेबल तसंच राहायला हवं. म्हणून दोन्ही फाइलींत एक जास्तीचा कॉलम केला, जोडनाव, त्यात नाव जॉइनर काढून, आणि जॉइन त्या कॉलमवर. आता सहाच्या सहा जुळतात.

यादीत अजून एक बदल करावा लागला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले ते वेगळे दाखवायचे होते, पण त्यातला जिंजी तमिळनाडूत, आणि माझ्या नियमात प्रत्येक जिल्हा महाराष्ट्राला जोडलेला. आता राज्य हा वेगळा कॉलम आहे.

एक लक्षात ठेवा, मेटीमध्ये मी आठदहा ओळींचा नमुनाच ठेवते, त्यात मुद्दाम भैरवगड तिन्ही, हरिश्चंद्रगड दोन्ही प्रकारे लिहिलेला आणि जिंजी. नियम पक्का झाला की तेच यार्मल बाहेर काढून पूर्ण फाइल कमांड लाइनवरून आरएमएलमॅपरला देते. तो सगळा डेटा मेमरीत घेतो, माझ्या यादीला काहीच अडचण नाही, पण कुणाची फाइल फार मोठी असेल तर विचार करा.

आता राहिलंय विकिडेटाच्या नोंदींशी जोडणं. क्रमांकाच्या शेजारी क्यू नंबरचा (विकिडेटातल्या प्रत्येक नोंदीचा ओळख क्रमांक) कॉलम उघडलाय, हाताने एकेक तपासून भरतेय, आज रात्रीपर्यंत पुणे जिल्हा संपला. भैरवगड सर्वात शेवटी घेणार.