प्लग बदलल्यावर लागलेला चेक इंजिनचा दिवा: माझा अनुभव

"कोड उडवला ना भाऊ, आता नाही येत दिवा." स्पार्क प्लग बदलल्यानंतर लागलेल्या चेक इंजिनच्या दिव्यावर वर्कशॉपमध्ये मला दर खेपेला हेच उत्तर मिळालं (कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेला दोषाचा नंबर), आणि दर खेपेला माल भरून गाडी चढाला लागली की दिवा परत हजर. गाडी म्हणजे पेट्रोल-सीएनजीवर चालणारा चार सिलिंडरचा छोटा ट्रक, वरूडकडून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा नेणारा. बहार चालू असताना अशी गाडी उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून हा दिवा नेमका शोधायचा कसा, ते सविस्तर लिहितो.

आधी दिवा कोणता आहे ते बघा. ऑइलचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला तर गाडी तिथंच बंद करा, त्याचा प्लगशी काही संबंध नाही. बॅटरीचा लाल दिवा असेल आणि काम करताना टर्मिनल काढलं असेल, तर ते बहुतेक नीट आवळलेलं नसतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. टर्मिनल काढल्यावर काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा दिवाही लागतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून गाडी थोडी चालवली की तो जातो. बॅटरी आणि स्टिअरिंगच्या या दिव्यांत खरी अडचण सहसा नसते.

खरी अडचण चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याची. तो स्थिर पेटला असेल तर गाडी हळू चालवत घरी आणता येते. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा. लुकलुकणं म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तशीच भरली गाडी रेटत मंडईपर्यंत नेली तर कन्व्हर्टर वितळतो, आणि त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतील.

कोड वाचायला वर्कशॉपची गरज नाही. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगजवळ 16 पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आतबाहेर मिळतो आणि मोबाइलवर चालतो. पी0301 ते पी0304 हे त्या त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, पी0300 म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर बोट न ठेवता येणारं मिसिंग. पी0351 ते पी0354 आला तर कॉईलची (प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या भागाची) वायरिंग किंवा कनेक्टर बघा. प्लग काढताना एअर फिल्टरचा पाइप बाजूला केला असेल आणि पी0113 आला, तर हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं कनेक्टर बहुतेक लावायचं राहिलंय. पी0171 आला तर पाइपचा क्लिप सैल राहून बाहेरची हवा आत जात असण्याची शक्यता मोठी.

कोड उडवण्याआधी त्याचा फोटो काढा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं. कोड उडवला की हेही जातं. वर्कशॉपवाल्याने स्कॅनर लावल्या लावल्या पुसून टाकलं तर तपासाचा धागाच हातातून गेला. माझी चीड त्यासाठीच आहे. शेडमध्ये रिकामी गाडी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवायची, मिसिंग नाही म्हणायचं आणि पाठवून द्यायचं.

आयडलवर दिसत नाही आणि लोडवर दिसतं, याला साधं कारण आहे. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितका ठिणगीला प्लगच्या टोकांमधला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतो. सीएनजीवर पेट्रोलपेक्षाही जास्त लागतो. त्यामुळे कुठं कच्ची जागा असेल तर रिकाम्या गाडीत ठिणगी नीट पडते. क्रेट भरून चढ लागला की ती गॅप सोडून सोप्या वाटेनं बॉडीला जाते. म्हणून फ्रीझ फ्रेममध्ये लोड मोठा असेल तर रिकाम्या गाडीच्या तपासणीवर विश्वास ठेवू नका. तोच रस्ता, तेवढाच माल आणि शेजारी बसलेला माणूस मोबाइलवर रीडिंग बघणारा, हीच खरी तपासणी. एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. दोन्हींवर मिसिंग असेल तर प्लग, कॉईल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा इंजेक्टर किंवा कमजोर ठिणगी. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर.

माझ्या गाडीत दोन्हींवर पी0303 येत होता. अशा वेळी रीत ठरलेली आहे: तीन नंबरची कॉईल एक नंबरवर, एकची तीनवर. कोड पी0301 झाला तर कॉईल दोषी, पी0303 राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. पी0301 आला. तीनवर नवी कॉईल टाकली, गाडी छान चालली आणि थोड्याच भरल्या फेऱ्यांत पुन्हा पी0303. यावर वर्कशॉपचं म्हणणं, नवी कॉईल टाकूनही येतंय म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. ईसीयूची किंमत ऐकली की माणूस गाडी विकायच्या गोष्टी करतो, आणि इथं ईसीयूला काहीही झालेलं नव्हतं.

दोष प्लग आणि त्यावर चढणारा कॉईलचा रबरी बूट या जोडीत होता. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा असला की ठिणगी त्या तड्यातून बाहेर पडते आणि बुटाच्या आतल्या बाजूनं खाली सरकत धातूला जाते. जाता जाता रबरावर कार्बनची रेघ जाळून ठेवते. कार्बन वीज वाहतो, म्हणून ती रेघ मग कायमची वाट होते. जळका बूट चांगल्या प्लगवर बसवला तरी मिसिंग, आणि तडकलेल्या प्लगवर नवी कॉईल बसवली तर काही दिवसांत तिचाही बूट जळतो. म्हणून अदलाबदलीची रीत इथं अर्धंच सांगते. मिसिंगच्या सिलिंडरवर प्लग आणि बूट एकाच वेळी बदलायचे, एकेक करून नाही. काही कॉईलचा बूट सुटा मिळतो, नाही तर पूर्ण कॉईल घ्यावी लागते.

तडा शोधायचा तर प्लग काढून चिनी माती कोरड्या कापडानं पुसा आणि उन्हात धरून बोटांत हळू फिरवा. वरच्या टोकापासून खाली षटकोनाकडे जाणारी बारीक काळी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी उभी रेघ दिसली की सापडलं. मग बूट उलटा करून आत टॉर्च मारा, समोरासमोर तशीच रेघ असेल. धातूच्या कडेला लागून चिनी मातीवर तपकिरी कडं दिसतं, त्याला घाबरू नका. जास्त व्होल्टेजमुळे तेलाचे बारीक कण तिथं चिकटतात, त्यानं काही बिघडत नाही. मिस्त्री तेच दाखवून "गॅस लीक आहे" म्हणतात आणि चांगला प्लग फेकायला लावतात. मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका. रेझिस्टर प्लगमध्ये वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण 5 किलोओहम दिसतात, पण तडकलेला प्लगही तेवढेच दाखवतो.

नव्या प्लगला तडा जातो कसा? बहुतेक वेळा गोटी पाना तिरका लागल्यानं. प्लग बसतो त्या खोल खाचेतला, म्हणजे विहिरीतला, प्लग काढायला लांब एक्स्टेन्शन लागतं, आणि आत रबर नसलेली गोटी वाकडी झाली की जोर चिनी मातीवर येतो. दुसरं कारण, प्लग फरशीवर पडला आणि पुसून तसाच बसवला. पडलेला प्लग बसवायचाच नाही, वरून कितीही धड दिसो. काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या आणि जुने प्लग सिलिंडरच्या क्रमानं मागून घ्या.

बसवताना इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे निघतात. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत कॉम्प्रेसरची हवा मारा. आपल्याकडे सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचा धुरळा तिथं थर करून बसतो आणि प्लग निघाला की थेट सिलिंडरमध्ये पडतो. विहिरीत ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग गेली आहे; ती आधी बदला, ऑइलनं बूट फुगतो. नवा प्लग आधी रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून हातानंच फिरवत बसवा, आटे चुकले तर नळी घसरते. 14 मिलिमीटर आट्याच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20. टॉर्क पाना नसेल तर 14 मिलिमीटरचा प्लग हातानं टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्यानं प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. बुटाच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या.

गॅपही पुस्तकाप्रमाणेच. सीएनजीसाठी वेगळा प्लग किंवा कमी गॅप सांगितला असेल तर पेट्रोलचा प्लग चालवून घेऊ नका. इरिडियमचा प्लग गॅप करायला ठोकू नका, टोक बारीक असतं, तुटतं.

कॉईलचं कनेक्टर टक् आवाज करून बसलं पाहिजे. उन्हानं त्याचं प्लास्टिक कडक होऊन लॉक तुटतं, कनेक्टर वरून बसलेलं दिसतं आणि खड्ड्यात सुटतं. लॉक तुटलं असेल तर कनेक्टर बदलेपर्यंत केबल टायनं बांधा. कनेक्टर काढण्याआधी वायरींवर चिकटपट्टीनं नंबर टाकून ठेवा, दोन कॉईलचे कनेक्टर अदलाबदल झाले तर इंजिन बॅकफायर मारतं.

प्लग आणि बूट जोडीनं बदलल्यावर मिसिंग गेलं. दिवा मात्र स्कॅनरनं न पुसता तसाच राहू द्यावा, असं माझं मत आहे. सलग तीन ड्रायव्हिंग सायकल (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्या) दोष आला नाही तर तो आपोआप विझतो, आणि विझला तर दुरुस्ती खरी झाली हे कळतं. कोड आत साठवलेला राहतो आणि साधारण 40 वॉर्म-अप सायकलनंतर (थंड इंजिन चालून तापण्याच्या फेऱ्यांनंतर) पुसला जातो, त्यामुळे नंतर स्कॅनरवर जुना पी0303 दिसला तर दचकू नका, त्यापुढे पेंडिंग, म्हणजे दोष नुकताच पुन्हा दिसल्याचं, लिहिलंय का तेवढं बघा.